पाठीमागचा समुद्र

माझे वडील गाइड आणि मी ड्रायव्हर, दोघंही एकाच बसवर. ते समोरच्या काचेला पाठ लावून, प्रवाशांकडे तोंड करून उभे राहायचे, हातात माइक. मी शेजारीच स्टिअरिंगवर, तोंड रस्त्याकडे. एका घरातली दोन माणसं दिवसभर हातभर अंतरावर, आणि कोणी कोणाचं तोंड बघत नाही. आई म्हणायची, "म्हणूनच तुमचं इतकं पटतं."

आमची गाडी शहरातून निघायची, किनाऱ्याकिनाऱ्याने जायची आणि संध्याकाळी परत यायची. वाटेत मिठागरं, दीपगृह, होड्या बांधायचा कारखाना, मासेमारीचं बंदर, आणि शेवटी समुद्रातल्या खडकावरचा किल्ला. या पट्ट्यावर कोणी पाहुणा आला आणि बाबांच्या तोंडून त्याने हे ऐकलं नाही, तर त्याची खेप फुकट गेली असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः बाबाच म्हणायचे, पण बाकीचेही मान डोलवायचे.

त्यांचं बोलणं खरंच ऐकण्यासारखं होतं. मिठागरांबद्दल सांगायला लागले की माणसाच्या जिभेवर मीठ यायचं. वारा कुठून येतो, खाडीचं पाणी कधी गोडं असतं आणि कधी खारं, होडीच्या फासळ्यांना वाकडंच लाकूड का शोधतात, किल्ल्याच्या दगडात शिसं का ओतलं, सगळं तोंडपाठ. आणि हे सगळं मागे वळून न बघता. वळायची गरजच नव्हती. कमरेशी असलेल्या दांडीला टेकून ते उभे राहायचे आणि गाडीच्या धक्क्यांवरून कुठे आलो ते ओळखायचे. जुना दगडी पूल आला की गाडी एकदा उचकी द्यायची, म्हणजे मिठागरं आली. सुरूच्या झाडांचं मोठं वळण आलं की दांडी त्यांच्या डाव्या कमरेला रुतायची, म्हणजे आता दीपगृह. रेल्वेचे रूळ ओलांडले की बंदर. उरलेलं काम प्रवाशांचे चेहरे करायचे. "मला समुद्र बघावा लागत नाही," ते नव्या ड्रायव्हरांना ऐकवायचे. "समुद्र दिसला की लोकांचे चेहरे सांगतात."

प्रवाशांच्या डावीकडे काही दाखवायचं तर गाइडला उजवा हात करावा लागतो. हे इतकी वर्षं करून करून त्यांचं डावं-उजवं कायमचं उलटं झालं होतं. आमच्या घरात बाबांनी "डाव्या फळीवर बघ" म्हटलं की आम्ही निमूटपणे उजवीकडे हात घालायचो. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी कुठला गुडघा दुखतो विचारलं, तर आईने आधीच पुढे होऊन सांगितलं, "ते जो सांगतील त्याच्या पलीकडचा."

मग नवा रस्ता झाला. शहरातून निघून सरळ खाडीवर, तिथून भलामोठा पूल, आणि पलीकडे एकदम बंदर. दगडी पूल बाजूला पडला, सुरूचं वळण बाजूला पडलं. मिठागरं, दीपगृह, होड्यांचा कारखाना, सगळं आता लांबून दिसायचं. रस्ता इतका गुळगुळीत की चहाचा पेला ठेवला तर सांडणार नाही. सगळे खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू, क्लचवरच्या पायाला पहिल्यांदा आराम मिळाला होता.

पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "मंडळी, आता डावीकडे बघा, नजर जाईल तिथपर्यंत पांढरीशुभ्र मिठागरं." डावीकडे फर्निचरचं गोदाम होतं. लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. बाबाही हसले, पण माइक धरलेला हात खाली आला, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. दुसऱ्या दिवशी पुलाच्या मध्यावर त्यांनी होड्यांचा कारखाना दाखवला. खाली नुसतं पाणी. महिना असाच गेला. ते घाईघाईने बोलायला लागले, मग अडखळायला लागले, मग "थोड्याच वेळात आपल्याला दिसेल" हे वाक्य दर दोन मिनिटांनी यायला लागलं. एका प्रवाशाने आमच्या कंपनीबद्दल इंटरनेटवर लिहिलं, "गाइड उत्तम आहेत, पण ते बहुधा वेगळ्या गाडीत असावेत."

ते मालकाने वाचलं. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, बाबांच्या मांडीवर खेळलेला. वाईट माणूस नव्हे. त्याने बाबांना ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. मी दाराशी उभी होते, चहा दिला तेव्हाच मला पुढचं कळलं.

"काका," तो म्हणाला, "सगळ्या कंपन्या आता रेकॉर्डेड आवाज लावतात. गाडी जिथे जाईल तिथलं आपोआप वाजतं. चूक व्हायचा प्रश्नच नाही."

"म्हणजे मी नको," बाबा म्हणाले.

"तुमचाच आवाज घेऊ की! एकदा बसून रेकॉर्ड करा. मग घरी आराम."

"आराम मी मेल्यावर करीन."

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. शेवटी असं ठरलं की रविवारी मालक स्वतः गाडीत बसेल. बाबांचं सगळं जागच्या जागी आलं तर ते गाडीवर राहतील, नाही तर मशीन.

बाबांना गाडीवरून उतरवणं म्हणजे काय हे मालकाला कळणं शक्य नव्हतं. हा माणूस घरात दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. सणासमारंभाला कोपऱ्यात बसतो. सगळं बोलणं तो गाडीसाठी राखून ठेवतो. ते गेलं तर त्यांच्याकडे काय उरणार होतं, या विचाराने मला धड जेवण जाईना. म्हणून मी शक्कल काढली. रस्ता धक्के देत नसेल तर मी देते. ब्रेकवर एकदा हलकेच पाय मारला की मिठागरं, लागोपाठ दोनदा मारला की दीपगृह, तीनदा म्हणजे कारखाना.

"ही फसवाफसवी झाली," बाबा म्हणाले.

"रस्त्याने तुम्हाला फसवलं त्याचं काय?"

यावर ते जरा विचारात पडले आणि तयार झाले. स्वयंपाकघरात आमची तालीम सुरू झाली. बाबा ओट्याला टेकून उभे, हातात माइक म्हणून डाव. मी बाजूने त्यांच्या खांद्यावर टिचक्या मारायचे आणि ते ताबडतोब सुरू. आई समोर भाजी निवडत प्रवासी झालेली. "दीपगृह नंतर दाखवा," ती म्हणाली, "आधी ते कुकरसमोरून बाजूला व्हा."

रविवारी मालक पहिल्या सीटवर बसला, हाताची घडी घालून. गाडी भरलेली होती. मी शहराबाहेर पडले, लांबवर मिठागरं दिसायला लागली आणि मी एकदा पाय मारला. बाबांचा आवाज लागला. काय लागला! त्या दिवशी ते असे बोलले की मालकाने घडी सोडून काचेला नाक लावलं. माझा जीव भांड्यात पडला. आता दीपगृह आणि कारखाना, एवढ्यावर निभावलं की बंदराला तो उतरून जाणार होता.

तेवढ्यात टायरच्या दुकानासमोरून एक कुत्रं रस्त्यात आलं. मी ब्रेक मारला. ते थांबलं, विचार केला आणि पुन्हा पुढे आलं. मी पुन्हा मारला.

"आणि आता, मंडळी," बाबांचा आवाज घुमला, "उजवीकडे बघा. पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस अंगावर घेत उभं, अंगावर लाल-पांढरे पट्टे, या किनाऱ्याचा खरा राखणदार!"

सगळी गाडी उजवीकडे वळली. रस्त्याच्या कडेला बसून कुत्रं मागच्या पायाने कान खाजवत होतं.

असा हशा त्या गाडीत कधी पिकला नसेल. लहान पोरं सीटवर उभी राहिली. एका बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मालकसुद्धा हसला, त्याने तोंडावर हात धरला तरी खांदे हलत होते. आणि मीही हसले असते हो, दुसऱ्या कोणाचे वडील असते तर.

बाबांना कळेना. ते प्रवाशांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. चेहरे भलतंच काही सांगत होते. मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. ते मागे वळले आणि त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. सरळ, रुंद, काळा रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानं. समोर कुठेतरी लांब पुलाचे खांब.

"आपण कुठे आहोत?" त्यांनी मला विचारलं. माइक चालूच होता.

हसणं एकदम थांबलं. मी सांगितलं, "खाडीच्या अलीकडे, बाबा." त्यांनी मान हलवली, माइक आकड्याला अडकवला आणि दरवाजाजवळच्या घडीच्या सीटवर बसून राहिले. बंदराला मालक उतरताना त्यांच्या खांद्याला हात लावून गेला.

मला राग आला होता. कुत्र्याचा, मालकाचा, रस्त्याचा. पण रात्री भांडी घासताना कळलं की खरा राग बाबांचाच आला होता. आयुष्यभर तुम्ही जे दाखवलंत ते एकदाही वळून बघावंसं वाटलं नाही? मग वाटलं, मी तरी काय बघितलं? मी रस्ता बघितला, आरसे बघितले, पुढच्या ट्रकची पाटी बघितली. त्या किनाऱ्यावर आम्ही दोघांनी जन्म काढला, गावोगावचे लोक आणून त्यांना तो दाखवला, आणि घरात तो कोणी बघितलाच नव्हता. आईने तर नाहीच नाही. "मला यांनी समुद्र तोंडीच दाखवला," ती नेहमी म्हणायची.

रेकॉर्डिंगला बाबा साफ नाही म्हणाले. "कुत्र्याचं दीपगृह करणाऱ्याचा आवाज कशाला हवा?" असं म्हणून ते खिडकीपाशी बसायला लागले. खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते. ती ते बघत बसायचे. आईने हे चार दिवस चालू दिलं आणि पाचव्या दिवशी तिने माझ्याकडे मोर्चा वळवला.

"गाडी सर्व्हिसिंगला कधी न्यायची आहे?"

"परवा. पुलापलीकडच्या गॅरेजला."

"रिकामीच जाते ना?"

बाबा येईनात. आईने त्यांना सांगितलं की तिला समुद्र बघायचाय आणि एकटीला गाडी लागते. तिला गाडी लागत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून पहिल्या सीटवर बसली, आणि बाबांना तिने खिडकीशी बसवलं. तोंड पुढे. मी आतल्या आरशात बघितलं तर त्यांना हात कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

मी नव्या रस्त्याने गेले नाही. आधी जुन्या रस्त्याला लागले. दगडी पुलावर गाडीने उचकी दिली आणि बाबांचं तोंड सवयीने उघडलं, पण समोर मिठागरं होती, तर ते मिटलं. निम्मी मिठागरं सुकून गेली होती, त्यांच्यात गवत उगवलं होतं. जी होती ती पांढरीशुभ्र नव्हती, करडी होती, आणि तिथे एक माणूस फावड्याने मीठ ओढत होता. सुरूचं वळण घेतलं. दीपगृह आलं. त्याच्यावर पट्टेबिट्टे काही नव्हते. कधीच कोणीतरी ते नखशिखांत पांढरं रंगवून टाकलं होतं.

"हे?" आई म्हणाली. "एवढंसं?"

"पट्टे होते," बाबा म्हणाले. "माझ्या पहिल्या वर्षी होते. मी स्वतः बघितले होते."

इतक्या लोकांनी पांढरं दीपगृह बघता बघता लाल पट्ट्यांचं वर्णन ऐकलं होतं, आणि एकानेही त्यांना टोकलं नव्हतं. होड्यांच्या कारखान्यात लाकूड नव्हतं, फायबरचे साचे होते, आणि वास मात्र जुनाच होता, ओल्या दोरखंडांचा. बाबांनी तो नाक भरून घेतला. मी तिथून मागे वळून नव्या रस्त्याला आले आणि पुलावर गाडी घातली.

तो पूल मधे उंच आहे. चढताना समोर फक्त आकाश दिसतं, आणि माथ्यावर आलं की एकदम खाली, समोर, दोन्ही बाजूंना, सगळीकडे पाणी. खाडी जिथे समुद्राला मिळते ती पाण्यावरची रेघ, एका बाजूला मातकट, एका बाजूला हिरवी. परतणाऱ्या होड्या. लांबवर किल्ल्याचा ठिपका. मी आरशात बघितलं. बाबांनी शर्टाच्या बाहीने काच पुसली, पुन्हा पुसली. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला होता आणि तीही बघत होती. "बरं आहे हो," ती म्हणाली, जणू कोणी तिला नवा पडदा दाखवला होता. पण नजर तिने काढली नाही.

घरी परतल्यावर बाबा म्हणाले, "मालकाला सांग, मी रेकॉर्ड करतो. पण जे आहे तेच सांगणार."

रेकॉर्डिंगची खोली एका इमारतीच्या तळघरात होती. भिंतींना काळा फोम, खिडकी नाही, मधे एक माइक आणि एक स्टूल. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडे बसला. मालक आणि मी त्याच्यामागे. बाबांनी सुरुवात केली. "डावीकडे मिठागरं आहेत. निम्मी बंद आहेत. पुढे दीपगृह आहे. ते पांढरं आहे."

मालकाने माझ्याकडे बघितलं. रेकॉर्डिंगवाल्याने बटण दाबून म्हटलं, "काका, जरा जीव ओता की."

"कोणासमोर ओतू?" बाबा म्हणाले. "इथे भिंत आहे."

त्यांनी पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा थांबले. घाम पुसला. ते आता उठून जातील असं वाटलं मला. एकदा ते उठले की पुन्हा कोणाचं ऐकून बसणार नव्हते, आणि मग आवाजही गेला असता. मी कोणाला न विचारता दार उघडून आत गेले, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"मी प्रवासी," मी म्हटलं. "सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांचा आवाज माझ्या कानाशी होता, पण बोलताना त्यांचा चेहरा कसा होतो हे मला माहीतच नव्हतं. भुवया आधी वर जातात, मग शब्द येतो. पाण्याबद्दल बोलताना डोळे बारीक होतात. आधी त्यांनी कोरडंच सांगितलं आणि माझा चेहरा कोरडाच राहिला, तो त्यांना दिसला असणार. मग ते थोडं पुढे झुकले. फावड्याने मीठ ओढणारा माणूस सांगितला. दीपगृहाला एके काळी पट्टे होते आणि ते कोणी कधी पुसले ते सांगायला कोणी उरलं नाही, हे सांगितलं. माझ्या चेहऱ्यावर काय झालं ते मला कळलं नाही, पण त्यांना कळलं. आवाज लागला. खोटं एकही वाक्य नव्हतं, आणि तरी जिभेवर मीठ आलं.

मग पूल आला. पुलाचं पाठ केलेलं त्यांच्याकडे काही नव्हतं. "या पुलावर मी रोज उभा होतो," ते म्हणाले, "समुद्राला पाठ करून. मला वाटायचं, मी बघितलेला आहे. चढ संपला की तुम्हीही मोबाइलमध्ये बघत असाल. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. मी तर नुसता बडबडत होतो."

मला राहवलं नाही. तोंड दाबून धरलं, पण डोळ्यांचं काय करणार? बाबा एकदम गाइड राहिले नाहीत, नुसते बाबा झाले. माइक आहे हे विसरून, घरात कधी बोलत नाहीत तशा मऊ आवाजात म्हणाले, "अगं, रडतेस काय? समोर बघ. समोर बघ ना. समुद्र आला."

रेकॉर्डिंगवाल्याने ते कापलं नाही. कापायचंच होतं, तो म्हणाला, पण हात धजेना.

आता गाडीत मशीन आहे. बाबा एकदा आले, स्वतःचं ऐकून लाजले आणि पुन्हा आले नाहीत. ते आणि आई आता दर आठवड्याला साध्या बसने कुठेतरी जाऊन येतात, आणि खिडकीवरून भांडतात. बाबा टेकायचे ती दांडी अजून तिथेच आहे, तिच्यावर लोक पिशव्या अडकवतात. मला ते आवडत नाही. पण काढा म्हणायला ती काही माझी नाही.

पुलाचा चढ लागला की मी वेग कमी करते. स्पीकरमधून तो आवाज येतो, "अगं, रडतेस काय? समोर बघ." प्रवासी दचकतात, कोण कोणाला म्हणालं ते त्यांना कळत नाही, पण सगळ्यांच्या माना वर होतात. मागून ट्रकवाले हॉर्न मारतात, शिव्या घालतात. घालू देत. मी आरशाकडे बघत नाही, पाटीकडे बघत नाही. बाबांनी सांगितलंय तिकडे बघते.